वरातीमागून घोडं

शंकेखोर : साधा घरगुती कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, आणि आता त्याचा कर्नल, म्हणजे गाभाच, बदलून ‘रिअलटाइम’ करायचा. का, तर कीबोर्डवर बोट पडल्यापासून पेटीचा सूर कानात येईपर्यंतचा वेळ कमी व्हावा. मला यातलं गणितच पटत नाही. आजचा प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी सूचना उरकतो. साउंडकार्ड ४८,००० हर्ट्झवर चालतंय आणि त्याला एका वेळी १२८ सॅम्पलचा घास, म्हणजे बफर, भरवायचा आहे असं धरलं, तर प्रत्येक घासाला २.६७ मिलिसेकंद मिळतात. पेटीचे चार सूर तयार करायला एवढा वेळ रग्गड झाला. मग अडतं कुठे? रेकॉर्डिंगच्या धंद्यात मी एक गोष्ट कायम पाहिली आहे. ज्याचा सूर लागत नाही, तो आधी तंबोऱ्याला नावं ठेवतो. तुझा कर्नल हा तसलाच तंबोरा नाही ना?

हौशी : वेग कमी पडतो असं मी म्हणतच नाही, काका. ‘रिअलटाइम’ म्हटलं की सगळ्यांना वाटतं, यंत्र पळायला लागणार. उलट, रिअलटाइम कर्नलवर एकूण काम थोडं कमीच होतं. तुमच्याच आकड्याने हिशेब करू. २.६७ मिलिसेकंदांना एक घास, म्हणजे सेकंदाला ३७५ घास, म्हणजे तासाला साडेतेरा लाख. यंत्र दहा लाखांत फक्त एकदा चुकतं असं धरा. शाळेत एवढे गुण कुणाला पडले तर पेढे वाटतील. इथे मात्र तासाभराच्या वाजवण्यात एकदा तरी कानात ‘टक्’ होणार, आणि ते नेमकं आलापात होणार. सरासरी कितीही चांगली असो, कार्डाला तिच्याशी देणंघेणं नाही. घास वेळेवर आला नाही तर ते थांबत नाही, आवाज तुटतो. उशिरा आलेला घास अर्धवट उपयोगाचाही नसतो, तो वरातीमागून आलेलं घोडं असतो. घोडं उमदं आहे, नवरदेव मात्र पायी गेला. म्हणून मला प्रोसेसर सरासरी किती पळतो ते नकोय. सगळ्यात वाईट क्षणी तो किती उशीर करील, तेवढंच हवंय.

शंकेखोर : ठीक, वेगाचा मुद्दा मागे घेतो. पण वाईट क्षणावर जुना, बिनखर्चाचा उपाय आहेच. घास मोठा कर. १०२४ सॅम्पल ठेव, २१ मिलिसेकंद मिळतील. तेवढ्यात यंत्र एखादी डुलकी काढूनही परत येईल. आणि २१ मिलिसेकंद म्हणजे काय, तेही बघ. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. तुझा सगळा विलंब म्हणजे सात मीटरवर ठेवलेला स्पीकर. दिंडीत वीणेकऱ्यापासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत याहून जास्त अंतर असतं. दहा मीटरवरच्या मृदंगाची थाप टाळकऱ्याला २९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते. ढोलपथकात तर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं पसरलेली असतात. म्हणून ठेका मोडतो का? ही माणसं कुठला कर्नल टाकून येतात?

हौशी : दाखला सुंदर आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. मृदंग दहा मीटरवर आहे हे खरं. टाळ मात्र टाळकऱ्याच्या हातात आहे, कानापासून जेमतेम दोन फुटांवर. स्वतःचा टाळ त्याला दोन मिलिसेकंदांच्या आत ऐकू येतो. दुसऱ्याचा आवाज उशिरा आला तर माणूस सांभाळून घेतो. मृदंगवाल्याचा हात डोळ्यांना दिसतो, पावलांचा ठेका असतो. आता त्याच टाळकऱ्याचा स्वतःचा टाळ सात मीटर लांब नेऊन ठेवा. हात इथे आपटतोय आणि नाद तिकडून येतोय. तो दोन अभंगही तसा काढायचा नाही. शिवाय तुमचे सात मीटरही खरे नाहीत. एक घास वाजत असताना दुसरा तयार करून ठेवावा लागतो, म्हणून बाहेर जाताना साधारणपणे दोन घासांचा वेळ धरतात. १०२४ चे दोन म्हणजे ४२ मिलिसेकंद, चौदा मीटर. माइकमधून आवाज आत घ्यायचा असेल तर आणखी एक घास, वर यूएसबीचा आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. पॅडवर द्रुत तीनताल वाजवताना सेकंदाला दहा बोल पडत असले, तर दोन बोलांत १०० मिलिसेकंद. त्यातले ४२ यंत्राने खाल्ले तर बोटांनी ऐकायचं काय?

शंकेखोर : माइकचं नाव काढलंस ते बरं केलंस, कारण तिथे तर कर्नलची गरजच नाही. गायकाला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून ऐकवायचाच कशाला? बऱ्याच ऑडिओ इंटरफेसवर थेट मॉनिटरची सोय असते. माइकचा आवाज आतल्या आत हेडफोनकडे वळवला की कॉम्प्युटर मधे येत नाही. त्याने आपलं सावकाश लिहून घ्यावं. विलंब किती हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. मागाहून ते ट्रॅक तेवढा आधीच्या वेळेला सरकवून जागेवर बसवतं. मी असंच काम करतो. गायकाला कर्नल कुठला, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

हौशी : गायकाबद्दल तुमच्याशी वाद नाही. उलट तुमच्या बाजूने एक भर घालते. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतूनही, क्षणात ऐकू येतो. तोच आवाज हेडफोनमधून तीन-चार मिलिसेकंदांनी मागाहून आला, की दोन्ही एकमेकांत मिसळून सूर पोकळ वाटतो. तिथे छोटा बफरसुद्धा पुरेसा नाही, थेट वाटच बरी. पण माझ्या कीबोर्डमधून आवाज येतच नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढाच निरोप येतो. पेटी जन्माला येते ती कॉम्प्युटरच्या पोटात. गिटारवाला अॅम्प्लिफायरचं काम सॉफ्टवेअरकडून करून घेतो, त्याचंही तसंच. जो सूर अजून तयारच झालेला नाही, तो थेट ऐकवणार कसा? आम्हा लोकांना कॉम्प्युटरच्या पोटातूनच जावं लागतं. मग ती वाट किती लांब, हा प्रश्न उरतोच.

शंकेखोर : उरतो, मान्य. पण म्हणून वेगळा कर्नल? लिनक्स रिअलटाइम करण्याचा हा उद्योग २००४ च्या सुमारास सुरू झाला. इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर वगैरे मंडळींनी वीस वर्षं त्याला वाहून घेतलं. त्या वीस वर्षांत त्यांच्या कामातले चांगले तुकडे एकेक करून नेहमीच्या कर्नलमध्ये येऊन बसले. बारीक मोजमापाचे टायमर आले. इंटरप्टचं काम स्वतंत्र थ्रेडकडे सोपवायची सोय आली. आजचा नेहमीचा कर्नल सुरू करताना ‘प्रीएम्प्ट=फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ हे दोन शब्द बूटच्या ओळीत लिहिले, की बरंचसं पदरात पडतं. तिकडे मॅकवाले आणि विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरणारे वर्षानुवर्षं छोट्या बफरवर वाजवताहेत. त्यांनी कधी कर्नल बदलला नाही. रुपयातले चौदा आणे फुकट मिळत असताना उरलेल्या दोन आण्यांसाठी एवढी यातायात?

हौशी : ते दोन आणे कुठे अडकलेत ते आधी बघा. नेहमीच्या कर्नलमध्ये काही ठिकाणी मज्जाव असतो. कर्नलचा एखादा भाग स्पिनलॉक धरून काहीतरी करत असला, की त्या प्रोसेसरवर त्याला कुणी उठवायचं नाही. ते काम बहुतेक वेळा चटकन होतं, पण ‘बहुतेक वेळा’वर माझं भागत नाही. रिअलटाइम कर्नलमध्ये यातले बहुतेक लॉक अशा जातीचे केले आहेत, की ते धरलेल्या कामालाही मधेच बाजूला सारता येतं. आता यात एक नवा घोळ होऊ शकतो. खालच्या दर्जाच्या कामाने किल्ली धरून ठेवली आहे, वरच्या दर्जाचं काम किल्लीसाठी दारात उभं आहे, आणि तेवढ्यात मधल्या दर्जाचं तिसरंच काम येऊन खालच्याला बाजूला सारतं. किल्ली अडकली, वरचा ताटकळला. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच घोळाने पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होत होतं. उपाय असा, की किल्ली सोडेपर्यंत खालच्याला वरच्याचा दर्जा उसना द्यायचा. पाथफाइंडरवर इथून ती सोय चालू केली गेली. रिअलटाइम लिनक्समध्ये ती त्या लॉकमध्येच बांधलेली आहे. आणि यातायात म्हणाल, तर ती आता राहिली कुठे? शेवटची अडचण होती कर्नलच्या स्वतःच्या निरोपांची. स्क्रीनवर ओळ छापायचं साधं काम, पण तेच सगळ्यांना खोळंबून ठेवत होतं. ते सुटलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनरनी हे काम मुख्य कर्नलमध्ये घेण्याची शेवटची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून लिनस टॉरवाल्ड्सच्या हातात ठेवली. नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ते सगळं मुख्य कर्नलचाच भाग आहे. डेबियनवर तर ‘आरटी’ नावाचं तयार पॅकेज मिळतं. टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं, झालं. जुना कर्नल बूटच्या यादीत राहतोच. पटलं नाही तर परत जायचं.

शंकेखोर : ‘टाकलं, झालं’ म्हणणारे बरेच पाहिले. टाकतात, आणि पुढच्या आठवड्यात तोंड पाडून सांगतात की आवाज पहिल्यासारखाच तुटतोय.

हौशी : कारण कर्नल फक्त रस्ता मोकळा करतो. त्या रस्त्यावर आधी कुणी जायचं, हे आपणच सांगायचं असतं, आणि खरी मांडणी तिथे सुरू होते. पहिली गोष्ट परवानगीची. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामला वरचा दर्जा मागायची मुभा नसते. स्वतःला ‘ऑडिओ’ गटात घालायचं आणि त्या गटाला मर्यादांच्या फाइलमध्ये दोन हक्क द्यायचे : रिअलटाइम दर्जा ९५ पर्यंत, आणि मेमरी हवी तेवढी जागेवर बांधून ठेवायची मोकळीक. दुसरा हक्क लोक विसरतात. पेटीचे नमुने ऐन वेळी मेमरीतून डिस्कवर गेलेले असले तर ते परत आणेपर्यंत वरात पुढे गेलेली असते. दुसरी गोष्ट पंगतीची. सगळ्यात वर कार्डाच्या इंटरप्टचा थ्रेड, त्याखाली आवाजाची ने-आण करणारा जॅक किंवा पाइपवायर, त्याखाली पेटीचा प्रोग्राम, आणि ब्राउझर वगैरे पाहुणे शेवटच्या पंगतीला. रिअलटाइम कर्नल सगळ्या इंटरप्टांना मुळात एकच दर्जा देतो, ५०. म्हणजे वायफाय आणि साउंडकार्ड एका पाटावर. तिथे आपण हात घातला नाही तर कर्नल बदलून उपयोग नाही. कार्ड यूएसबीचं असेल तर त्या यूएसबी कंट्रोलरचा दर्जा वाढवायचा, आणि त्याच कंट्रोलरवर बाहेरची डिस्क लावायची नाही. तिसरी गोष्ट विजेची. काम नसलं की प्रोसेसर वेग उतरवतो, गाढ झोपतो, आणि जागा व्हायला वेळ घेतो. म्हणून त्याला ‘परफॉर्मन्स’वर ठेवायचं. चौथी गोष्ट बफरची. पाइपवायर सहसा १०२४ वर सुरू होतो. तो १२८ वर किंवा ६४ वर आपण आणला नाही, तर एवढं सगळं करून विलंब होता तेवढाच राहतो!

शंकेखोर : बघ, तूच माझं काम केलंस. तू सांगितलेल्या चार गोष्टींपैकी परवानगी, वीज आणि बफर या तिन्ही नेहमीच्या कर्नलवर जशाच्या तशा चालतात. ‘थ्रेडआयआरक्यूज’ लिहिलं की उरलेली पंगतीचीही चालते. म्हणजे गुण येतो तो पथ्याचा, आणि नाव होतं औषधाचं. आणि औषधालाही त्याच्या मर्यादा आहेत. कर्नलच्या खाली मदरबोर्डचं फर्मवेअर बसलेलं असतं. त्याला वाटेल तेव्हा ते प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतं, तापमान बघतं, आणखी काही करतं, आणि परत देतं. कर्नलला मधे वेळ गेला एवढंच मागाहून कळतं, तेही कुणी मुद्दाम मोजलं तर. तिथे तुझी किल्लीही चालत नाही आणि पंगतही. वर बघशील तर प्लगइनवाले. आवाज तयार करायच्या ऐन घाईत एखादा प्लगइन डिस्कवरची फाइल उघडत बसला, तर त्याला वरचा दर्जा देऊन काय मिळवलंस? ढिसाळ माणसाला अधिकार दिलास. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर तर रिअलटाइम कर्नल दिसला की इन्स्टॉल व्हायलाच कां-कूं करतो. वेगळा झेंडा दाखवून तो जबरदस्तीने बसवावा लागतो. डेस्कटॉप म्हणजे धर्मशाळा आहे. तिच्यात कोण उतरलंय हे मालकालाही पुरतं ठाऊक नसतं. अशा जागी तू वक्तशीरपणाचं वचन मागतेस. कारखान्यातल्या यंत्रमानवाच्या कंट्रोलरकडे मागावं, त्याला दिवसभर एकच काम असतं.

हौशी : फर्मवेअरचा आणि प्लगइनचा मुद्दा मी खोडू शकत नाही. फक्त आपण ‘वचन’ हा शब्द जरा सैल वापरतोय. बफर म्हणजे काय, हे मी अलीकडे वेगळ्या तऱ्हेने बघते. मी १०२४ ठेवते तेव्हा मनात म्हणत असते, हे यंत्र एखाद्या वेळी पंधरा-वीस मिलिसेकंद कुठे गायब होईल याचा भरवसा नाही. १२८ ठेवते तेव्हा म्हणते, फार तर दोन. म्हणजे बफर हा माझ्या अविश्वासाचा आकडा आहे. तो विलंब यंत्राला एरवी लागतच नाही. भीतीपोटी मी तो प्रत्येक सुरावर भरते. कधीतरी येणाऱ्या एका वाईट क्षणासाठी साडेतेरा लाख चांगल्या क्षणांना दंड! रिअलटाइम कर्नल तो वाईट क्षण लहान करतो, म्हणून दंड कमी भरावा लागतो. कर्नल स्वतः विलंब कमी करत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. तो फक्त माझी भीती कमी करतो, आणि मग विलंब मी कमी करते.

शंकेखोर : हे मात्र छान सांगितलंस, आणि म्हणूनच मी आता अडवणार आहे. भीती कमी झाली हे कशावरून? सायक्लिकटेस्ट चालवून ना? एक थ्रेड ठरलेल्या वेळी जागा व्हायला सांगायचा आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठला ते मोजायचं. तो आकडा मायक्रोसेकंदांत येतो आणि माणूस खूश होतो. पण त्या आकड्याचं नाव काय? ‘आतापर्यंत दिसलेला सर्वांत वाईट उशीर’. तुला हवाय तो ‘होऊ शकणारा सर्वांत वाईट उशीर’. पहिला मोजता येतो. दुसऱ्याचा पुरावा द्यायला यंत्राचा एकूणएक सांधा उघडून बघावा लागेल, आणि तुझ्या मदरबोर्डचं फर्मवेअर तुला कोण उघडून देणार? थोडक्यात, तुझा अविश्वास गेलेला नाही. तो एक मजला खाली उतरला, एवढंच. मी मोठा बफर ठेवतो, कारण मला माझं अज्ञान कबूल आहे. तू छोटा ठेवतेस, कारण काल काही झालं नाही.

हौशी : काल काही झालं नाही, एवढ्यावरच नाही ठेवत. काल मी मुद्दाम ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावले, डिस्कवर मोठ्या फाइली हलवल्या, यंत्राला जेरीस आणलं, आणि तरीही काही झालं नाही. एवढ्यावर ठेवते. फर्मवेअर मधे वेळ खातं का, ते हुडकणारं साधनही आहे. ते आधी चालवायचं आणि खाणारं मशीन निघालं तर या कामाला घ्यायचं नाही. हा पुरावा नाही, मान्य. पण तुमची तबल्याची साथ कुठल्या पुराव्यावर उभी असते? या माणसाची सम चुकणारच नाही, असा दाखला कुणी लिहून देतं? त्याला अडचणीत टाकून बघितलेलं असतं, द्रुतात, आडलयीत, आणि त्यावरून तुम्ही त्याला बैठकीला बसवता. शिवाय तुमच्या सावधपणाचीही किंमत आहे, ती तुम्ही हिशेबात धरत नाही. ‘टक्’ झालेलं सगळ्यांना ऐकू येतं. ४२ मिलिसेकंदांमुळे माझा हात आखडला, मी लयीत मागे रेलायला लागले, हरकत घ्यायची सोडून दिली, हे कुणालाच ऐकू येत नाही. न घेतलेल्या हरकतीची नोंद कुठल्या साधनात येते?

शंकेखोर : कुठल्याच नाही, आणि हाच माझा शेवटचा प्रश्न आहे. हात आखडला तो ४२ मुळे, की ४२ आहेत हे तुला माहीत होतं म्हणून? असं करू. कॉम्प्युटर एकच, कर्नल दोन, पथ्य दोन्हींना सारखं. कर्नल आणि बफर मी निवडणार, स्क्रीन तुझ्याकडून फिरवलेली. तू तीन तास वाजव. तुटलेले घास यंत्र मोजेल, आणि कुठे हात मोकळा वाटला ते तू सांग.

हौशी : बसते. पण निकाल काय लागला तर तुम्ही मानाल? समजा, नेहमीचा कर्नल ६४ वर तीन तास एकदाही चुकला नाही. तर तुम्ही म्हणाल, बघ, तुझा कर्नल फुकट. आणि रिअलटाइम कर्नल तीन तास चुकला नाही, तर तुम्हीच म्हणाल, चौथ्या तासाचं काय?

शंकेखोर : म्हणेन. दोन्ही म्हणेन, आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असेन. तीन तासांनी चौथ्याची हमी मिळत नाही, मग कर्नल कुठलाही असो. समोर माणसं बसलेली असतील त्या दिवशी मी सांगेन, जेवढ्यावर निभतंय त्याच्या दुप्पट बफर ठेव.

हौशी : आणि मी १२८ च ठेवीन. ‘टक्’ झालं तर शिव्या खाईन. कधी सुरू करायचं?